मेसियाँ: ला त्रिनितेचा ऑर्गनवादक आणि देवगिरीचे ताल

प्रश्न तबला शिकणाऱ्या एका वाचकाचा आहे. थोडक्यात असा: ‘ऑलिव्हिए मेसियाँ नावाच्या फ्रेंच संगीतकाराने शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या जुन्या ग्रंथातले ताल वापरले, असं वाचलं. हा माणूस कोण? जन्मभर एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूस विसाव्या शतकातला एवढा मोठा संगीतकार कसा काय झाला? आणि ते ताल ऐकताना ओळखू येतात का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, सहसा ओळखू येत नाहीत, आणि तबल्याच्या कानाने ऐकलंत तर मुळीच नाहीत. पण ते तिथे आहेत, नावागावासकट आहेत. ते तिथे का आले याचं उत्तर मेसियाँ यांच्या ऑर्गनवादक असण्यात आहे, असं माझं मत आहे. त्यांच्याबद्दल लिहिताना पक्ष्यांची गाणी, सूर ऐकताना रंग दिसणं, युद्धकैद, श्रद्धा हे सगळं हमखास येतं. ज्या बाकावर बसून त्यांनी साठ वर्षं चाकरी केली, त्याचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीत उरकला जातो. मी वसईकडचा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आलोय. त्यामुळे माझा कल त्या बाकाकडे असणार, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

आधी वाद्याचा खुलासा, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकात पायाने भाता मारत वाजवला जायचा तो आठवतो. तो आणि आपली पेटी ही एकाच कुळातली वाद्यं. दोन्हींत धातूच्या पातळ पट्ट्या थरथरतात. (पेटीचा पूर्वजही पॅरिसचाच. अलेक्सांद्र दबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट १८४०च्या सुमाराला तिथेच घेतलं.) चर्चचा मोठा ऑर्गन वेगळा. त्यात हजारो नळ्या असतात आणि प्रत्येक सुराची नळी स्वतंत्र. एका जातीच्या नळ्यांच्या रांगेला स्टॉप म्हणतात. स्टॉप ओळखायचा तो त्यातल्या सर्वांत लांब नळीच्या फुटांवरून. आठ फुटी स्टॉप म्हणजे नेहमीची पट्टी, सोळा फुटी म्हणजे एक सप्तक खाली, चार फुटी म्हणजे एक सप्तक वर. हातांसाठी दोन-तीन मजली पट्ट्या आणि पायांसाठी वेगळ्या लाकडी पट्ट्या.

आता मुद्द्याची गोष्ट. या वाद्यावर सुराला वजन देता येत नाही. पट्टी हळुवार दाबा नाहीतर आपटा, नळीत जाणारा वारा तेवढाच. काही नळ्या झडपांच्या पेटीत बंद असतात. त्या झडपा पायाने उघडून एकूण आवाज वाढवता येतो, पण चार सुरांतला नेमका तिसरा ठसठशीत काढणं अशक्य. तबल्यावर तुम्ही ‘धा’ला जे वजन देता ते ऑर्गनवाल्याच्या हातात नाही. मग तो सम दाखवतो कशी? सुराची लांबी वाढवून, किंवा त्याच्या आधी बारीकशी फट सोडून. ऑर्गनवादकासाठी लय म्हणजे आघात नव्हे, काळाचं मोजमाप. लघु म्हणजे आखूड, गुरू म्हणजे लांब. आणि दाबलेला सूर बोट उचलेपर्यंत जराही न विरता टिकतो, म्हणजे गुरू हवा तितका मोठा करता येतो. ज्याच्या रोजच्या कामात हे भिनलंय त्याच्या हाती संगीतरत्नाकरातली लघु, गुरू आणि त्याहून लांब प्लुत यांची यादी पडली तर तो हरखून जाईल, यात नवल नाही.

माणसाकडे येतो. जन्म १० डिसेंबर १९०८, दक्षिण फ्रान्समधलं आव्हिन्याँ. वडील पिएर इंग्रजीचे शिक्षक, त्यांनी पुढे शेक्सपिअरचं फ्रेंच भाषांतर केलं. आई सेसिल सोवाज कवयित्री. ऑलिव्हिए पोटात असताना तिने त्याच्यावर कवितांची मालिका लिहिली होती, आणि आपल्या घडणीवर सर्वांत मोठा प्रभाव तोच, असं मेसियाँ म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. पहिल्या महायुद्धात वडील सैन्यात गेले, तेव्हा आई दोन मुलांना घेऊन ग्रेनोबलला आपल्या भावाकडे राहिली. तिथल्या डोंगरांचा लळा मुलाला कायमचा लागला. पुढे त्याच भागात, लाफ्रे तळ्याजवळच्या पेतिशे गावी, त्यांनी घर बांधलं. वर्षभर पॅरिसमध्ये चाकरी आणि उन्हाळ्यात तिथे लेखन, असा त्यांचा क्रम राहिला.

१९१९ साली, अकराव्या वर्षी, पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉर या संगीत विद्यालयात प्रवेश. तिथे पॉल द्युका यांच्याकडे संगीतरचना, मोरिस इमॅन्युएल यांच्याकडे संगीताचा इतिहास आणि मार्सेल द्युप्रे यांच्याकडे ऑर्गन. इमॅन्युएल प्राचीन ग्रीक छंदांचे जाणकार होते. ऱ्हस्व-दीर्घांवर उभी असलेली लय हा विषय मेसियाँ यांच्या कानावर पहिल्यांदा पडला तो ग्रीक वाटेने. भारत नंतर आला. द्युप्रे यांनी सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. हा मुलगा पहिल्यांदा त्यांच्या ऑर्गनपुढे बसला तेव्हा त्याने असं वाद्य जवळून पाहिलेलंच नव्हतं. तासभर समजावून सांगितल्यावर द्युप्रे यांनी त्याला बाखची सी मायनरमधली फँटसी शिकायला दिली. आठवड्याने तो ती तोंडपाठ वाजवत परत आला. १९२९ साली ऑर्गन आणि उत्स्फूर्त वादनाचं पहिलं पारितोषिक त्यालाच मिळालं. ‘प्री द रोम’ या त्या काळच्या मोठ्या मानाच्या स्पर्धेत मात्र तो दोनदा उतरला आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आला.

‘उत्स्फूर्त वादन’ हे शब्द लक्षात ठेवा. युरोपीय संगीत म्हणजे सगळं कागदावर, अशी आपल्याकडे समजूत आहे. फ्रेंच ऑर्गनवादकांना ती लागू नाही. त्यांच्या परीक्षेत आयत्या वेळी दिलेल्या सुरावटीवर जागच्या जागी शास्त्रशुद्ध रचना उभी करून दाखवावी लागायची. त्याला कारणही व्यवहारातलं आहे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू असताना अर्पणाच्या वेळी किंवा कम्युनियनच्या वेळी, म्हणजे भाविक प्रसादाची भाकर घ्यायला रांगेने येतात तेव्हा, ऑर्गन वाजतो, पण किती वेळ ते वेदीवर ठरतं, वादकाच्या वहीत नाही. रांग लांबली तर वाजवत राहायचं, फादर उभे राहिले की चार सुरांत गुंडाळायचं. माझ्यासारखे गाण्याचं एखादं कडवं परत घेऊन वेळ मारून नेतात. त्यांच्याकडे त्या दोन-तीन मिनिटांत नवं संगीत जन्माला यावं अशी अपेक्षा असायची.

१९३१ साली पॅरिसच्या ला त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक शार्ल केफ वारले. मेसियाँ आधीपासून त्यांच्या बदली वाजवत होते. वय अवघं बावीस. विडोर आणि द्युप्रे यांच्यासारख्या दिग्गज ऑर्गनवादकांनी शिफारस केली. प्रमुख धर्मगुरूंना धाकधूक होती की हा पोरगा भाविकांच्या कानावर भलतंसलतं घालेल. मेसियाँ यांनी पत्र लिहून त्यांची समजूत काढली, नोकरी मिळवली आणि १९९२ साली मरेपर्यंत सोडली नाही. जगभर नाव झालं, पुरस्कारांची रांग लागली, तरी गावात असले की रविवारी ते वरच्या सज्जात हजर.

तिथला ऑर्गन आरिस्तीद काव्हाये-कोल या थोर कारागिराने १८६९ साली बांधलेला. दोनच वर्षांत पॅरिस कम्यून या उठावाच्या धुमश्चक्रीत त्याची नासधूस झाली आणि त्यालाच तो पुन्हा उभा करावा लागला. काव्हाये-कोलच्या वाद्यांची खासियत अशी की वेगवेगळ्या जातीच्या नळ्या एकमेकींत मिसळून ऑर्केस्ट्रासारखा भरीव रंग तयार होतो. मेसियाँ यांनी १९३४–३५ मध्ये आणि नंतर साठच्या दशकात त्यात भर घालून घेतली. ते मुख्यतः याच एका वाद्यासाठी लिहायचे. म्हणूनच दुसऱ्या ऑर्गनवर त्यांचं काही बसवताना आमची पंचाईत होते. पानावर लिहिलेला स्टॉप आपल्या वाद्यात नसतोच.

रविवारच्या कामाची त्यांनी वाटणीच करून टाकली होती. सकाळच्या मुख्य मिस्साला ग्रेगोरियन पठणाच्या, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाच्या, सुरावटी, पुढच्या मिस्साला जुने उस्ताद, दुपारी बाराच्या मिस्साला स्वतःचं संगीत आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत छोटे छोटे उत्स्फूर्त तुकडे. स्वतःच्या संगीताची वेळ आली की कुरकुर व्हायचीच. नेमाने येणाऱ्या काही वयस्कर बायकांना त्या आवाजात सैतान दिसायचा म्हणे. ते मात्र वाजवत राहिले.

एक रचना जवळून दाखवतो. ‘ल बांके सेलेस्त’, म्हणजे स्वर्गीय मेजवानी, कम्युनियनच्या वेळेसाठी. लिहिली १९२८ साली, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी. पान पाहिलं तर अगदी थोडे स्वरमेळ, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ. वाजवायला घेतलं की घाम फुटतो, कारण चाल इतकी संथ आहे की बोटांना काही कामच नसतं आणि मन पळायला लागतं. नवशिके हटकून ती ओढून पुढे नेतात. सगळेच नेत असावेत, कारण १९६० साली मेसियाँ यांनी सुधारित आवृत्ती काढली तेव्हा प्रत्येक सुराची लिखित लांबी दुप्पट करून टाकली: आता तरी सावकाश वाजवा! मधे पाय सुरू होतात. पायाच्या पट्ट्यांना नेहमी सोळा फुटी खर्ज जोडलेला असतो. इथे ते आणि आठ फुटी सगळे बंद करून फक्त वरचे, चार फुटी आणि त्याहून लहान स्टॉप ओढायचे. त्यामुळे पायांनी वाजवलेले सूर हातांच्या वर जाऊन थेंबासारखे टपकतात, आणि पानावर सूचनाही तशीच आहे: पाण्याच्या थेंबागत तुटक. शेवटी ही रचना घरी येत नाही. पंचमावर उभारलेल्या स्वरमेळावर थांबते आणि ‘सा’ लागतच नाही. ऐकणाऱ्याला संपल्यासारखं वाटतं ते निव्वळ संथपणामुळे.

या रचनेतले स्वर त्यांनी स्वतः बांधलेल्या एका सप्तकातले आहेत. सप्तक कसलं, आठ स्वर आहेत. घरी पेटी असेल तर वाजवून पाहा: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नि. अर्धा स्वर, पूर्ण स्वर, अर्धा, पूर्ण असा एकाआड एक जिना. आता कोमल गंधाराला सा माना आणि तोच जिना चढा. पट्ट्या त्याच येतील. म्हणजे सा कुठेही धरला तरी या सप्तकाचे वेगळे संच तीनच. अर्ध्या-अर्ध्या स्वराने तीनदा सरकवलं की पहिला परत. मेसियाँ यांनी अशी एकूण सात सप्तकं गोळा केली आणि त्यांना ‘मर्यादित स्थानांतराचे मोड’ म्हटलं. यात सा कुठे आहे ते नक्की सांगता येत नाही. आपल्याला तानपुऱ्याची सवय, त्यामुळे सुरुवातीला चुकल्यासारखं होतं. राग म्हणून ऐकायला जाऊ नका. यात चलन नाही, वादी-संवादी नाही. आहे तो एक रंग, आणि त्यात थांबून राहायचं.

आता शार्ङ्गदेव. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, सिंघण राजाच्या पदरी हिशेबाचं काम पाहणारा हा अधिकारी. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आलेले. आज ज्याला आपण दौलताबादचा किल्ला म्हणतो त्याच्या सावलीत संगीतरत्नाकर तयार झाला. त्याच्या तालाध्यायात १२० देशी तालांची यादी आहे. जोआनी ग्रोसे हे भरताच्या नाट्यशास्त्रावर काम केलेले फ्रेंच संस्कृतज्ञ. त्यांनी आल्बेर लाव्हिन्याक यांच्या संगीतविश्वकोशासाठी भारतावर एक दीर्घ लेख लिहिला आणि त्यात ही यादी पाश्चात्त्य स्वरलिपीत छापली. १९१३ सालचा तो खंड मेसियाँ यांच्या हाती लागला, आणि पुढे आयुष्यभर ती यादी त्यांच्या टेबलावरून हलली नाही.

म्हणजे त्यांच्याकडे पोचला तो छापील तक्ता. गुरू नाही, हाताने दिलेली टाळी नाही, ठेका नाही. त्यांनी त्या तक्त्यातून घेतलं काय, ते आकड्यांतच दाखवतो. लघु म्हणजे ४ धरा, तर द्रुत २, द्रुतविराम ३, गुरू ८, प्लुत १२. रागवर्धन तालाची मांडणी द्रुत, द्रुतविराम, द्रुत, प्लुत. म्हणजे २, ३, २, १२. मेसियाँ यांनी ती उलटी केली आणि बाराचे तीन समान तुकडे पाडले: ४, ४, ४, २, ३, २. आता त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पहिली, ४-४-४ची अर्धी प्रत २-२-२ व्हायला हवी होती, पण मधल्या सुराला एक मात्रा चिकटून ती २-३-२ झाली. हा असा चिकटलेला जादा काळ त्यांच्या लयीचा पायाच बनला. दुसरी, २-३-२ उलटं वाचलं तरी तेच राहतं. पुढून-मागून सारख्या अशा लयींना त्यांनी वेगळं नाव दिलं, आणि १९४४ साली आपल्या संगीतभाषेवर लिहिलेल्या पुस्तकात रागवर्धनाचं हे पृथक्करण अगदी सुरुवातीलाच मांडलं.

तबल्याच्या बाजूने पाहिलं तर यात तालाचा प्राणच नाही. आवर्तन फिरून समेवर येत नाही. खाली-भरी नाही. ऐकणारा माणूस मान डोलावून ‘आली’ म्हणू शकत नाही. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की ओळखू येत नाहीत. मेसियाँ यांनी भारतीय संगीत घेतलं, असं म्हणणं मला अतिशयोक्तीचं वाटतं. त्यांनी घेतलं ते लांब-आखूड काळांच्या मांडणीचं एक शास्त्र, जे आपल्याकडे वाजवणाऱ्यांनी केव्हाच मागे टाकलं होतं. प्रामाणिकपणा असा की तालांची नावं त्यांनी लपवली नाहीत. शार्ङ्गदेवाचा उल्लेख ते वर्गात, प्रस्तावनांत, मुलाखतींत सतत करत.

१९३५ साली आलेल्या ‘ला नातिव्हिते द्यू सेन्यर’, म्हणजे प्रभुजन्म, या नऊ भागांच्या ऑर्गनरचनेपासून ही लय उघडपणे कामाला लागते. पहिला प्रयोग २७ फेब्रुवारी १९३६ रोजी ला त्रिनितेतच झाला, आणि नऊ भाग तीन मित्रांनी वाटून वाजवले. शेवटचा भाग ‘दिय पार्मी नू’ नाताळात जगभर वाजतो. मोठ्या पदन्यासाने उतरणारी सुरुवात आणि शेवटाला धबधबा. मेसियाँ आवडत नाही म्हणणाऱ्यालाही तो पाडतो.

मग युद्ध आलं. दृष्टी अधू असल्यामुळे त्यांना शुश्रूषा पथकात घेतलं होतं. १९४० साली जर्मनांनी पकडून ग्योर्लित्स इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत टाकलं. ती जागा आज पोलंडमध्ये येते. क्लॅरिनेटवाला ऑन्री आकोका, चेलोवाला एतिएन पास्किए आणि व्हायोलिनवाला जाँ ल बूलेर हे तिघे कैदी तिथे भेटले. कार्ल-आल्बेर्ट ब्र्युल या जर्मन पहारेकऱ्याने कागद-पेन्सिल आणून दिली. त्यातून आठ भागांचं ‘कालाच्या अंतासाठी चौकडी’ तयार झालं आणि १५ जानेवारी १९४१ रोजी कैद्यांसमोर वाजलं. पाच हजार श्रोते होते आणि चेलोला तीनच तारा होत्या, असं मेसियाँ पुढे सांगत. पास्किए यांनी दोन्ही गोष्टी खोडून काढल्या: तारा चार होत्या आणि श्रोते काही शे. मी पास्किए यांच्यावर विश्वास ठेवतो. चेलोच्या तारा मोजायला चेलोवाल्याहून भला साक्षीदार कोण?

तुमच्या कामाचा यातला पहिला भाग. पियानोचा हात सतत एकच लयमाला फिरवतो: रागवर्धन ४ ४ ४ २ ३ २, चंद्रकला २ २ २ ३ ३ ३ १, लक्ष्मीश २ ३ ४ ८. ग्रंथात चंद्रकला म्हणजे तीन गुरू, तीन प्लुत, एक लघु. मेसियाँ यांनी ती चौपट आखूड करून घेतली आहे, प्रमाण तेच. एकूण सतरा काळ. यावर ते जे स्वरमेळ बसवतात ते मात्र एकोणतीस, आणि तेही फिरत राहतात. सतरा आणि एकोणतीस दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे पहिला स्वरमेळ पुन्हा पहिल्या काळावर यायला ४९३ स्वरमेळ वाजावे लागतील. तुकडा त्याच्या कितीतरी आधी थांबतो. तिकडे चेलो पाच सुरांची माला पंधरा काळांवर फिरवतोय, आणि वर क्लॅरिनेट ब्लॅकबर्डची आणि व्हायोलिन नाइटिंगेलची शीळ घालतंय. तिहाईचा हिशेब आयुष्यभर केलेल्या माणसाला यातलं गणित चटकन कळेल. फरक एवढाच की तुमची तिहाई समेवर येण्यासाठी असते, आणि यांचा हिशेब कुणी कुठेच येऊ नये यासाठी.

याच चौकडीचा शेवटचा भाग, व्हायोलिन आणि पियानोचा, ऐकून लोकांचे डोळे पाणावतात. तो छावणीत सुचलेला नाही. ‘दिप्तिक’ या १९३०च्या ऑर्गनरचनेचा उत्तरार्ध त्यांनी वरच्या पट्टीत नेऊन तिथे बसवला. दोन्ही वाजवून पाहिले की गंमत कळते. ऑर्गनवर सूर आपोआप टिकतो. पियानोवर तो विरतो, म्हणून तिथे स्वरमेळ पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो, आणि तीच त्या भागाची धडधड होऊन बसते.

सुटका झाल्यावर १९४१ मध्येच ते कॉन्झर्व्हेटॉरमध्ये शिकवू लागले, आणि १९७८ पर्यंत शिकवलं. पिएर बूलेझ, श्टॉकहाउझेन, झेनाकिस, पुढे म्युराय आणि ग्रिझे अशी नावं त्यांच्या वर्गातून गेली. एकाचं संगीत दुसऱ्यासारखं नाही, ही शिक्षकाची खरी परीक्षा. झेनाकिस गणित आणि स्थापत्य शिकून आलेला, वयाने मोठा, हार्मोनीत, म्हणजे स्वरमेळांच्या शास्त्रात, कच्चा. त्याला त्यांनी हार्मोनी शिकण्याच्या फंदात पडूच नकोस, जे येतं त्यातूनच संगीत कर, असा सल्ला दिला. असं सांगायला धाडस लागतं.

घरी मात्र फार सोसावं लागलं. १९३२ साली त्यांचं लग्न व्हायोलिनवादक आणि संगीतकार क्लेर देल्बोस यांच्याशी झालं होतं. १९३७ साली मुलगा झाला. युद्धाच्या शेवटाला एका शस्त्रक्रियेनंतर क्लेर यांची स्मृती ढासळत गेली, त्यांना संस्थेत ठेवावं लागलं आणि १९५९ साली त्या गेल्या. मुलाला वाढवण्याचा भार मेसियाँ यांच्यावर आला. वर्गातली पियानोवादक विद्यार्थिनी इव्हॉन लोरियो त्यांच्या संगीताची सर्वांत मोठी वादक ठरली. १९६१ साली त्यांनी लग्न केलं.

बॉस्टन सिम्फनीसाठी लिहिलेली दहा भागांची ‘तुरंगलीला सिम्फनी’ २ डिसेंबर १९४९ रोजी बर्नस्टाइन यांच्या संचलनाखाली पहिल्यांदा वाजली. नाव शार्ङ्गदेवाच्या यादीतून उचललेलं. तिच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून मी पुढे जातो. मला ती जरा भडकच वाटते.

ऑर्गनच्या दृष्टीने खरा ऐवज पुढच्या दोन-तीन वर्षांतला आहे. ‘मेस द ला पांतकोत’, म्हणजे पेंटेकॉस्ट या सणाची मिस्सा. प्रवेश, अर्पण, प्रतिष्ठापना, कम्युनियन, निर्गमन असे पाच भाग, नेमके मिस्सात ऑर्गनला जिथे जागा असते तिथले. वीस वर्षं रविवारी जे हवेत वाजवून सोडून दिलं त्याचं सार यात कागदावर उतरलं. त्यानंतरचं ‘लिव्ह्र दॉर्ग’ अधिक कडक. त्यातल्या पहिल्या तुकड्यात प्रतापशेखर, गजझम्प आणि सारस असे तीन ताल तीन पात्रांसारखे येतात: एक वाढत जातो, एक आक्रसत जातो, एक जसाच्या तसा. सुरांची नाटकी सोबत नाही, नुसते काळ. तालांचं काम डोळ्यांसमोर पाहायचं असेल तर स्वरलिपी उघडून हाच तुकडा ऐका. मौज म्हणून ऐकायला मात्र मी कुणाला सुचवणार नाही.

पुढची दहा-पंधरा वर्षं पक्ष्यांनी घेतली. पहाटे वही घेऊन रानात बसायचं आणि पक्ष्यांची गाणी स्वरलिपीत उतरवायची. ‘कातालोग द्वाझो’ हे तेरा तुकड्यांचं पियानोवरचं पक्षिदर्शन १९५८ मध्ये पुरं झालं. त्याआधीच्या ‘वाझो एक्झोतिक’मध्ये आपली डोंगरी मैना आणि शामाही आहेत, आणि त्यांच्या खाली तालवाद्यांवर पुन्हा देशी ताल. ऑर्गनकडे ते मोठ्या प्रमाणावर परतले १९६९ साली. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या शताब्दीला प्रवचनांच्या मधल्या वेळात जे उत्स्फूर्त वाजवलं होतं, त्यातून त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) गूढावरची नऊ चिंतनं तयार झाली. मग आठ वर्षं खपून ‘सँ फ्रान्स्वा दासीझ’ हा ऑपेरा, १९८३ साली पॅरिसमध्ये. आणि १९८४ साली शेवटची मोठी ऑर्गनरचना, अठरा भागांचं ‘लिव्ह्र द्यू सँ साक्रमां’.

२७ एप्रिल १९९२ रोजी ते गेले. पेतिशेजवळच्या सँ-तेओफ्रे गावी त्यांची कबर आहे, दगड पक्ष्याच्या आकाराचा. शेवटची पूर्ण झालेली ऑर्केस्ट्रारचना त्यांना ऐकायला मिळाली नाही. त्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ती पहिल्यांदा वाजवली, आणि संचलन आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांचं होतं. ला त्रिनितेच्या बाकावर पुढे नाजी हकीम बसले.

कुठून ऐकायचं? आधी ‘ल बांके सेलेस्त’. मग ‘आपारिस्याँ द लेग्लीझ एतेर्नेल’: एकच प्रचंड चढ आणि तसाच उतार, खाली पायांचा लांब-आखूड ठोका. हा ठोका तुम्हाला नक्की ऐकू येईल. त्यानंतर ‘दिय पार्मी नू’, आणि मग चौकडीचा पहिला भाग, वरचे आकडे समोर ठेवून. नुसत्या पियानोवर कान ठेवा, हाताने मात्रा धरू नका, काळ मोजा. शक्य असेल तर ऑर्गनरचना १९५६ साली मेसियाँ यांनी स्वतः ला त्रिनितेत केलेल्या ध्वनिमुद्रणात मिळवा. ऑर्गन तेव्हा दुरुस्तीला आलेला होता, काही नळ्या बेसूर आहेत, वाऱ्याचा फुसफुसाट ऐकू येतो. नंतर इतरांनी केलेली मुद्रणं कितीतरी स्वच्छ आहेत, पण इतकं सावकाश वाजवायची छाती त्यांच्यातल्या फार थोड्यांना झाली आहे.